‘अहो’ कुणी म्हटलं?

मंगळवार, ३ मार्च

आज मी एका माणसाला मदत केली आणि त्याचं नुकसान झालं.

डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून कामावरून सुटले की बागेतून घरी येते. चालणं हा प्रकार मला मुळात पटत नाही. कुठे जायचं नसताना निघायचं आणि निघालो तिथेच परत यायचं! पण दिवसभर लोकांच्या कानांवर यंत्र चढवून ‘आवाज आला की बटण दाबा’ म्हणत बसणाऱ्या बाईचे गुडघे धरणारच. तर तळ्याच्या वळणावर एक लाल चकती सूं करत आली आणि माझ्या पायाशी पडली. बशीपेक्षा मोठी, कडेला जाड. लांबवर एक तरुण दोन्ही हात हलवत होता. बिचाऱ्याची वस्तू पडली म्हणून मी ती उचलली, पदराने पुसली आणि तेवढं अंतर तंगडतोड करत त्याला नेऊन दिली.

त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, “मावशी, ती जिथे पडली तिथूनच मला पुढची फेकायची होती.”

“मग हात कशाला हलवत होतास?”

“उचलू नका म्हणून!”

मावशी म्हणाला ते मी ऐकून सोडून दिलं. मग त्यानं समजावलं. बागेत जागोजागी खांबांवर लोखंडी टोपल्या बसवल्या आहेत आणि वर साखळ्या लोंबतात, त्या या खेळासाठी. चौथऱ्यावरून चकती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. मला वाटलं होतं की त्या छत्र्या टांगायला आहेत. गेल्या आठवड्यात मी टांगलीही होती.

“ती छत्री तुमची होती?” तो म्हणाला, “तिच्यामुळे माझी चकती बाहेर पडली!”

म्हणजे नुकसान दोनदा झालं.

रविवार, ८ मार्च

कुतूहल स्वस्थ बसू देईना म्हणून पुन्हा गेले. तो तरुण बेकरीत काम करतो. पहाटेची भट्टी आटपली की दिवस मोकळा, म्हणून बागेत असतो. सगळे त्याला पाववाला म्हणतात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. टोपल्या बसवायला बागेच्या अधीक्षकांना त्यानंच गळ घातली होती. अजून सगळं तात्पुरतं आहे. तक्रार आली तर टोपल्या उचलणार, असं अधीक्षकांनी बजावलंय.

मला मौज वाटली ती ही की या खेळात खेळण्याचे नियम मूठभर आणि वागण्याचे ढीगभर. दुसरा फेकत असेल तेव्हा बोलायचं नाही. मागून कुणी भरभर येत असेल तर त्याला आधी जाऊ द्यायचं. पक्षी बसले असतील तर थांबायचं, फांद्या मोडायच्या नाहीत. आणि वाटेवर चालणारा कुणीही दिसला, तर तो पार निघून जाईपर्यंत हात वर उचलायचा नाही.

“बाग आधी त्यांची,” पाववाला म्हणाला, “आपण उपरे.”

“आणि फेकल्यावर कुणी मध्ये आलं तर?”

“ओरडायचं. जीव खाऊन.”

“काय ओरडायचं?”

हे अजून कुणी ठरवलेलंच नव्हतं.

रविवार, २९ मार्च

चकती घेतली. पिवळी. ताईनं ती फळं कापायला वापरायची म्हणून दोनदा कपाटातून काढली. थोरली बहीण म्हणून घरावर सत्ता तिची, आणि माझ्या नव्या नादावर तिचं तोंडसुख रोज चालू आहे. “गुडघे धरलेत म्हणून चालायला सांगितलं होतं, उड्या मारायला नाही.” मारू दे टोमणे. आज चौथ्या फेकीला माझी चकती पहिल्यांदा साखळ्यांत जाऊन आदळली आणि असा काही खणखणाट झाला की मी मोठ्यानं हसले. उंच पट्टीतला आवाज आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांना तो ऐकू यायचा नाही.

बागेतली माणसं आता ओळखीची झालीत. एक गृहस्थ बायकोला चाकाच्या खुर्चीतून फिरवतात. वळायच्या आधी हात बाहेर काढून दाखवतात, अगदी मागून गाड्या येत असल्यासारखा! आम्ही त्यांना ‘हात दाखवणारे’ म्हणतो. माणूस अबोल पण सभ्य आहे. आम्ही त्यांच्यासाठी थांबलो की दोन बोटं कपाळाला लावतात. बाई मात्र शिष्ट. मी आपणहून नमस्कार केला, तर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गळ्याभोवती रेशमी रुमाल, केस नीट विंचरलेले, आणि नजर समोर. एवढा तोरा कशाचा असतो लोकांना?

रविवार, १२ एप्रिल

व्हायचं ते झालं, आणि माझ्या हातून झालं.

मी पाहिलं होतं. वाट मोकळी होती, पाववाल्यानंही मान डोलावली होती. मी फेकली, आणि वाऱ्यानं चकती उचलून डावीकडे नेली. नेमकी त्याच वेळी झुडपांच्या मागून ती खुर्ची आणि हात दाखवणारे बाहेर आले, आमच्याकडे पाठ करून. पोटाच्या तळापासून जे तोंडात आलं ते मी ओरडले: “अहो!”

बागेतले सगळे पुरुष वळले. पेपर वाचणारा वळला, धावणारे दोघे वळले, शेजारी उभा असलेला पाववालाही वळला, आणि त्याचं तर लग्नही झालेलं नाही. हात दाखवणारेही वळले. पण कसे? माणूस हाकेकडे वळतो. हे खुर्चीकडे वळले. खुर्चीची मूठ सोडून, धडपडत पुढे जाऊन, बायकोच्या समोर गुडघ्यांवर बसले. आणि चकती वळसा घेऊन बाजूनं त्यांच्या कानामागे लागली.

आम्ही धावत पोचलो तेव्हा मानेवरून रक्ताचा ओघळ आला होता. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. बायकोचे दोन्ही हात धरून तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. कितीतरी वेळ. एवढं लागलेला माणूस आणि असा हसरा चेहरा! मला वाटलं, डोक्याला मार बसला.

मी माफी मागायला लागले तेव्हा कुठे ते भानावर आले. पाववाला मध्येच म्हणाला, “साहेब, चूक झाली, पण आम्ही ओरडलो होतो.”

त्यांचा चेहरा बघता बघता बदलला. “कोण ओरडलं? कुणी ओरडलं नाही. मागून मला काहीही ऐकू आलेलं नाही.”

“अहो, सगळी बाग वळली!” मी म्हटलं.

“खोटं आहे हे,” ते म्हणाले, आणि आवाज असा चढला की पेपर वाचणारा उठून उभा राहिला. “तुम्ही कुणीही ओरडला नाहीत. मी तक्रार करणार आहे.”

मार लागला म्हणून रागावले असते तर मी मुकाट ऐकून घेतलं असतं. पण मी घसा फोडून ओरडले ते धडधडीत नाकारायचं? घरी येऊन ताईला सांगितलं तर तिला भलतंच सुचलं. म्हणाली, “पन्नाशी उलटल्यावर का होईना, तू कुणाला तरी अहो म्हणालीस.”

शुक्रवार, १७ एप्रिल

तक्रार आली. ‘इशारा न देता चकती फेकली’ एवढीच. अधीक्षकांनी पुढच्या शनिवारी दोन्ही बाजूंना बोलावलंय. इशारा दिला नव्हता असं ठरलं तर टोपल्या उखडणार. पाववाल्याचा चेहरा न भाजलेल्या पावासारखा पांढरा झाला होता. टोपल्या गेल्या तर माझ्यामुळे जाणार. तो हे बोलत नाही, पण मला दिसतं.

रविवार, १९ एप्रिल

हातावर हात धरून बसण्यापेक्षा प्रयोग केला. काय ओरडावं? मी बाकावरून ओरडायचं, पाववाल्यानं पाठ करून उभं राहायचं आणि काय करावंसं वाटलं ते सांगायचं. चकती फेकायची नाही.

‘बघा!’ म्हटलं की माणूस तोंड वर करून बघतो, म्हणजे नाकावर मार. ‘बाजूला!’ म्हटलं की विचारतो, कुठल्या? ‘खाली!’ म्हटल्यावर पाववाला जमिनीवर काही पडलंय का ते शोधू लागला. ‘सांभाळा’ चांगला शब्द आहे पण लांब आहे, आणि त्यातला स वाऱ्यात विरतो. शिवाय आपली दुसरीच अडचण. ‘सरक’ म्हटलं तर वडीलधाऱ्याचा अपमान होतो. ‘अहो काका, जरा सरकता का’ म्हणेपर्यंत काकांचा निकाल लागलेला असतो.

आणि ‘अहो’? ते सगळ्यांत लांब पोचतं. दोन्ही स्वर मोकळे, तोंड उघडं. पण त्यात पुढे काय करायचं ते नाही. फक्त एवढंच आहे की कुणीतरी तुम्हाला बोलावतंय.

शेवटी पाववाल्याला सुचलं. “मावशी, ‘डोकं!’ म्हणा.” मी म्हटलं, आणि त्याचे हात आपोआप डोक्यावर गेले. माझेही गेले.

बुधवार, २२ एप्रिल

आज जे घडलं ते मला अजून उलगडत नाही.

दवाखान्यात यादीतला तिसरा माणूस आत आला, आणि तो म्हणजे हात दाखवणारे! चकती लागली म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी कान तपासायला पाठवलं होतं. मला पाहून दारातच थबकले. मी म्हटलं, “दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं असेल तर उद्या यावं लागेल.” ते म्हणाले, “बायको बाहेर बसलीय. पुन्हा आणणं जमणार नाही.” आणि बसले.

मी माझं काम चोख केलं. डावा कान वयाच्या मानानं ठीक. उजवा जवळपास गेलेला, आणि तो चकतीमुळे नाही, फार जुनं आहे. विचारलं तर म्हणाले, जन्मभर बस चालवली, उजवीकडे खिडकी उघडी. मग मला हाताचा उलगडा झाला, आणि दुसराही! एका कानावर भार असलेल्या माणसाला आवाज येतो, पण कुठून आला ते कळत नाही. दिशा कळायला दोन कान लागतात. मला एवढा आनंद झाला की मी बोलून गेले, “तुम्ही खोटं बोलत नव्हतात! मागून ऐकू आलं नाही हे खरं. पण आवाज आला असणार. तो पुढून आल्यासारखा वाटला असेल.”

त्यांनी हेडफोन हळूच काढून मांडीवर ठेवला.

“म्हणजे पुढून आलेला आवाज मागचा असू शकतो?”

“असू शकतो.”

“असू शकतो, की असतोच?”

“असू शकतो. पुढचाही असू शकतो.”

ते जरा सावरून बसले. मग विचारलं, “एखाद्यानं खूप दिवसांत आवाज वापरलाच नसेल, तर एकदम स्पष्ट निघेल का?”

मला हा काय प्रश्न ते कळेना. “घोगरा निघेल बहुतेक. पण घसा माझ्याकडे नाही, माझ्याकडे फक्त कान.”

ते उठले. दारापाशी जाऊन परत आले, आणि अगदी अजिजीनं म्हणाले, “बाई, तुम्ही ओरडला नसाल तर शनिवारी तसं सांगा. तेवढंच सांगा. मी तिथल्या तिथे तक्रार मागे घेतो. टोपल्या राहू देत, मी स्वतः अधीक्षकांना म्हणेन.”

आता याला काय म्हणावं? ओरडले नाही असं कबूल केलं की दोष माझा, आणि तरी हे तक्रार सोडणार! पाववाला म्हणतो हा डाव आहे, कबुली घेतली की उलटतील. ताई म्हणते माणूस बरा दिसत नाही. मला डाव वाटत नाही. डाव टाकणारा दारातून परत येऊन अशी विनवणी करत नाही. पण मग काय आहे?

एक नक्की. त्यांच्या कानाचं मी शनिवारी काही बोलणार नाही. ते दवाखान्यातलं, दवाखान्यातच राहील.

शनिवार, २५ एप्रिल

जिंकलो. आधी ते लिहिते.

अधीक्षकांची खोली म्हणजे बागेतलं जुनं अवजारघर. कोपऱ्यात फावडी, भिंतीवर पाण्याच्या नळ्यांची वेटोळी. हात दाखवणारे बायकोला घेऊनच आले होते. खुर्ची खिडकीशी लावली, ब्रेक ओढला.

अधीक्षकांनी मला विचारलं, “ओरडला होतात?”

हात दाखवणाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक क्षण अडले, हे लिहायला हवं. मग म्हटलं, “हो.”

“काय ओरडलात?”

“अहो.”

“ते यांना ऐकू येण्याइतकं मोठं होतं कशावरून?”

कानाच्या तपासणीचा निकाल माझ्या जिभेवर आला होता, तो मी गिळला. म्हटलं, “करून दाखवू?” आणि उठले, आणि त्या दिवशीसारखं, पोटापासून: “अहो!”

टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हललं. बाहेरचा शिपाई धावत आत येऊन म्हणाला, “काय साहेब?” खुर्चीतल्या बाई दचकल्या, त्यांच्या मांडीवरचा रुमाल खाली पडला. आणि हात दाखवणारे? मी ओरडत असताना ते माझ्याकडे बघतच नव्हते. टक लावून बायकोच्या ओठांकडे बघत होते. मी गप्प झाल्यावरही थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हो. हाच. हाच आवाज होता.”

अधीक्षक म्हणाले, “मग तक्रार?”

“नाही माझी काही तक्रार.”

ब्रेक काढला, रुमाल उचलून बायकोच्या मांडीवर ठेवला, दारातून वळताना हात दाखवला आणि गेले. पाववाल्यानं मला खांद्याला धरून हलवलं. बेकरीतून केक आणला, सगळ्यांनी खाल्ला. मी अर्धा ताईसाठी बांधून घेतला. मला तो गोडच लागत नव्हता.

रविवार, २६ एप्रिल

ताईला सगळं पहिल्यापासून पाहिजे होतं. कोण कुठे बसलं होतं, कुणी काय घातलं होतं. मी सांगितलं. मध्येच तिनं विचारलं, “आणि त्या बाई काय म्हणाल्या?”

“काही नाही. त्या कधीच बोलत नाहीत. कुणाशीच.”

“म्हणजे नवऱ्याशीही?”

“मी तरी ऐकलं नाही कधी.”

ताईनं कप खाली ठेवला. “अगं,” ती म्हणाली, “मग त्या माणसाला अहो म्हणणारं दुसरं कोण आहे?”

मी चहा तसाच टाकून बेकरीत गेले. पाववाल्याला ठाऊक होतं, सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे, मलाच कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी याच सुमारास बाईंना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलंय की त्यांना काही कळत नसावं, आशा धरू नका.

आणि मी त्यांना शिष्ट म्हणत होते.

घरी येऊन मी रडले. पाठीमागून मी ओरडले आणि त्या माणसाला वाटलं ती बोलली. म्हणून तो खुर्चीकडे वळला. म्हणून रक्त येत असताना हसत होता. मी ओरडले नव्हते, एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं. त्यासाठी तो तक्रार सोडायला तयार होता, आणि मी भर खोलीत उभं राहून पाणी हलेपर्यंत पुरावा दिला! खरं तेच बोलले, आणि मला चोरी केल्यासारखं वाटतंय.

गुरुवार, ३० एप्रिल

चार दिवस एकच विचार. जाऊन सांगावं का, की त्या दिवशी मी नव्हते? आता ते कोण मानणार. आणि मानलं तरी उद्या तो पुन्हा वाट बघत बसणार. खोटं बोलायला मी भीत नाही, पण हे खोटं रोज त्याच्याबरोबर फिरायला जाणार.

आज एका पोरीचे कान तपासत होते. बटण दाबायला ती फार लहान. अशा वेळी आम्ही हळूच आवाज सोडतो आणि डोळ्यांकडे बघतो. आवाज आला की डोळे हलतात. डोळे पाहता पाहता मला एकदम आठवलं. शनिवारी खुर्चीतल्या बाई दचकल्या होत्या. रुमाल पडला होता. मी पाहिलं होतं, लिहूनही ठेवलं होतं, आणि तरी ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. नवऱ्याला तर ते दिसलंच नाही. तो ओठ बघत होता.

रविवार, ३ मे

हात दाखवणाऱ्यांना तळ्याजवळ गाठलं. काय बोलायचं ते चार वेळा ठरवून गेले होते, ऐन वेळी एवढंच आलं, “मला माहीत नव्हतं हो.”

ते म्हणाले, “तुमची काय चूक. तुम्ही ओरडलात म्हणून तर.” मग पाण्याकडे बघत म्हणाले, “मधले ते दिवस मात्र फार चांगले गेले. सकाळी उठलो की वाटायचं, आज पुन्हा म्हणेल.”

मी म्हटलं, “त्यांचे कान मला तपासू द्या.”

“कशाला? तिला कळत नाही म्हणतात.”

“कळतं की नाही ते मला सांगता येणार नाही. ऐकू येतं का, ते येईल. त्या दिवशी मी ओरडले तेव्हा त्या दचकल्या होत्या.”

त्यांनी खुर्चीची मूठ घट्ट धरली. “दचकली?”

“रुमाल पडला होता. तुम्हीच उचललात.”

शुक्रवार, ८ मे

दवाखाना बंद झाल्यावर बोलावलं. दार लावलं, पंखाही बंद केला. बाईंच्या समोर मी बसले, ते मागे उभे राहिले. मी अगदी बारीक आवाज सोडला, उजवीकडे. बाईंचे डोळे उजवीकडे. डावीकडे सोडला, डोळे डावीकडे. मी आवाज कमी करत गेले, इतका की मला स्वतःला नीट ऐकू येईना. डोळे तरीही जात होते.

मी म्हटलं, “तुमच्यापेक्षा कितीतरी चांगलं ऐकतात या.”

ते स्टूल ओढून बायकोच्या शेजारी बसले. “आणि मी वर्षभर एक शब्द बोललो नाही हिच्याशी. नुसती बस चालवल्यासारखी फिरवली. कुणाशी बोलायचं, म्हटलं.”

“मग आता बोला.”

“काय बोलू?”

“आधी बोलायचात तेच.”

“आधी मी कुठे बोलायचो? हीच बोलायची.” आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. “मी फक्त म्हणायचो, ‘अगं, ऐकतोय.’”

जाताना त्यांनी एक विनंती केली. बागेत काहीही ओरडा, पण ‘अहो’ नको. मी म्हटलं, आमचं ‘डोकं’ ठरलंय. ते म्हणाले, उत्तम.

रविवार, १७ मे

अधीक्षकांनी टोपल्यांचं पक्कं केलं आणि फाटकाशी पाटी लावली: चालणाऱ्यांना आधी वाट द्यावी, पडलेली चकती उचलू नये, टोपलीवर छत्री टांगू नये (पाववाल्यानं मुद्दाम घालायला लावलं), आणि ‘डोकं!’ ऐकू आल्यास हात डोक्यावर घ्यावेत.

ताईला आज पहिल्यांदा बरोबर नेलं. ती बाकावर विणकाम घेऊन बसली आणि माझ्या प्रत्येक फेकीला ‘अरे देवा’ म्हणत राहिली. फेकताना बोलायचं नसतं हे तिला सांगण्यात अर्थ नाही.

खुर्ची येताना दिसली म्हणून मी हात खाली घेतला. हात दाखवणारे आता बोलतात. सगळ्या बागेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, कारण स्वतःचा आवाज त्यांना अर्धाच येतो. “पुढचा थांबा तळं. बदकं चढतील, जागा द्या.” बाईंची नजर समोरच होती, नेहमीसारखी. कळतं का त्यांना? मला माहीत नाही. ते माझं खातं नाही.

खुर्ची वाट ओलांडून पार पलीकडे गेली. मी पाववाल्याकडे पाहिलं, त्यानं मान डोलावली, सगळे गप्प झाले. मी हात मागे नेला, आणि नेमकं तेव्हाच पलीकडून खणखणीत आवाज आला, “अगं!”

माझी चकती झुडपात गेली. बागेतल्या आम्ही सगळ्या बायका वळलो. विणकाम हातात धरून ताई वळली, झोपाळ्याशी उभी असलेली एक आई वळली, चौथऱ्यावरून मी वळले.

आणि खुर्चीतल्या बाई वळल्या. मान पुरी मागे, थेट नवऱ्याकडे. त्यांचे दोन्ही कान चांगले आहेत.